सायकलवरून तंजावर : जिंजीमार्गे पाच दिवस

(गणेशोत्सवातील सांस्कृतिक कार्यक्रमात मंडळाच्या सभागृहात केलेले भाषण. सभासदांच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी लिहून दिले आहे.)



यंदा पोंगलच्या सुट्टीत आम्ही पाच जण चेन्नईहून तंजावरला सायकलने गेलो. तेव्हापासून कॉलनीत एकच प्रश्न विचारला जातो, की रेल्वेच्या माणसाने रेल्वे सोडून सायकल का धरली? एका वहिनींनी तर काळजीने विचारले, "भाऊजी, पास संपले का तुमचे?" पास शिल्लक होते. तरीही सायकलने गेलो, त्याचे कारण आधी सांगतो आणि मग प्रवासाकडे वळतो.

मी पी-वे खात्यातला, म्हणजे रुळांची देखभाल करणारा. डिप्लोमा करून नोकरीला लागलो तेव्हा माझ्या पहिल्या साहेबांनी सांगितले होते, "एक्स्प्रेसमध्ये बसून लाइन कळत नाही. ट्रॉलीवर बस." आमची पुश ट्रॉली म्हणजे चार चाकांवरची बाकडी, ती ट्रॉलीमन ढकलतात. तिच्यावरून जाताना सैल झालेली फिशप्लेट दिसते, खडी कुठे कमी पडली ते दिसते, गेटमनच्या घरापुढचा भोपळ्याचा वेलही दिसतो. एग्मोरहून तंजावरला मी रात्रीच्या गाडीने कितीदा तरी गेलो असेन. त्या प्रवासांतून लक्षात राहिला तो विळुप्पुरमच्या फलाटावरचा वड्यांचा वास, आणि मग एकदम सकाळ. मधला सगळा मुलूख झोपेत निघून जायचा. सायकलचा वेग साधारण ट्रॉलीइतकाच. म्हणून ठरवले, की हा मुलूख एकदा ट्रॉलीच्या वेगाने पाहायचा.

आम्ही पाच जण म्हणजे मी, आमच्या खात्यातले दोन मराठी मित्र, वर्कशॉपमधले एक तमिळ सहकारी, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, आणि कॉलनीत ज्यांना लहानथोर सगळे ‘दादा’ म्हणतात ते आपले ज्येष्ठ सभासद. दादा त्या वेळी निवृत्तीला चार महिन्यांवर आले होते. चेन्नईत त्यांची तीस वर्षे गेली. सांगलीला घर घेऊन झाले होते, इथले सामान आवरायला सुरुवात होणार होती. ते म्हणाले, "जाण्यापूर्वी एकदा नीट बघून घेतो, तीस वर्षे राहिलो ती जागा आहे तरी कशी."

आपल्या चेन्नईला सायकलचे वावडे नाही. अंबत्तूरला टी. आय. सायकल्सची स्थापना १९४९ साली झाली, आणि हर्क्युलिस व बी.एस.ए. ही नावे आपल्यापैकी अनेकांच्या शाळेच्या दिवसांशी जोडलेली आहेत. आमच्यापैकी चौघांकडे गिअरच्या सायकली होत्या. अण्णा मात्र वडिलांची काळी, रॉड ब्रेकची सायकल घेऊन आले. आम्ही मनातल्या मनात हसलो. पुढे दोन दिवसांनी एका गिअरवाल्याचा डिरेलर वाकला आणि अर्धा दिवस तो एकाच गिअरवर दामटत होता, तेव्हा अण्णा मागे वळून फक्त घंटी वाजवायचे.

भोगीच्या पहाटे चार वाजता पेरंबूरहून निघालो. त्या दिवशी इथे जुन्या वस्तू जाळतात, त्यामुळे तांबरमपर्यंत डोळ्यांत धूर होता. चेंगलपट्टूनंतर हायवे सोडला आणि उत्तिरमेरूरचा रस्ता धरला. खरा प्रवास तिथून सुरू झाला. दोन्ही बाजूंना तळी, त्यांच्या बांधांवर ताडाची झाडे, आणि रस्त्यावरच वाळत घातलेले भात. गाड्यांनी अर्धा रस्ता वापरायचा आणि अर्धा भाताला सोडायचा, असा तिथला अलिखित नियम आहे.

उत्तिरमेरूरच्या देवळाच्या भिंतींवर गावच्या सभेच्या निवडणुकीचे नियम कोरलेले आहेत. चोळ राजा पहिला परांतक याच्या काळातले, इ. स. ९२० च्या सुमाराचे. उमेदवारांची नावे ताडपत्रावर लिहून घड्यात टाकायची आणि लहान मुलाकडून चिठ्ठी काढून घ्यायची. उमेदवाराचे वय ३५ ते ७० हवे. आणि आपल्या कामाचा एक नियम असा, की पूर्वी समितीवर असताना ज्याने हिशेब दिला नाही, तो अपात्र आणि त्याचे जवळचे नातेवाईकही अपात्र! आपले खजिनदार इथे समोरच बसले आहेत. त्यांचे हिशेब चोख असतात, म्हणून हे निर्धास्तपणे सांगतो.

मुक्काम वंदवासीला केला. इंग्रजी पुस्तकांतले ‘वांडिवॉश’ ते हेच. २२ जानेवारी १७६० रोजी इथे इंग्रजांनी फ्रेंचांचा पराभव केला आणि दक्षिणेत कोणाचे चालणार ते जवळपास ठरून गेले. आम्हांला मात्र त्या रात्री फक्त गरम पाण्याची बादली कुठे मिळेल एवढाच प्रश्न होता.

दुसरा दिवस पोंगलचा. आमच्या नियोजनात सगळे होते, पण एक गोष्ट अण्णांशिवाय कोणालाच ठाऊक नव्हती. पोंगलच्या सकाळी खेड्यात चहाची टपरीसुद्धा उघडत नाही. अण्णा निवांत होते. "मिळेल काहीतरी," एवढेच म्हणत. नऊच्या सुमारास एका वाडीत पोचलो तर प्रत्येक अंगणात चुलीवर मडके, मडक्याला हळदीची रोपे बांधलेली, बाजूला उभे ऊस. दूध उतू गेले की घरचे सगळे मिळून "पोंगलो पोंगल" म्हणून ओरडतात. आमच्या सायकली आणि अवतार पाहून एका आजीबाईंनी हाक मारली. तिण्णैवर, म्हणजे आपल्या भाषेत ओसरीवर, बसवले आणि केळीच्या पानावर गरम गोड पोंगल वाढला. मग आजोबांनी दादांना विचारले, "सोंद ऊर एदु?"

मित्रहो, तमिळ मुलखात हा प्रश्न तुम्हांला सगळ्यांना विचारला गेला असेल. स्वतःचे गाव कोणते? आपल्याकडेही बाजेवर बसल्या बसल्या "गाव कुठलं?" विचारतातच. दादा म्हणाले, "सांगली." आजोबांना सांगली माहीत नव्हती. ते म्हणाले, "ते कुठे आहे?" दादा म्हणाले, "लांब आहे. मी तीस वर्षे मद्रासला आहे." आजोबांनी बोटांवर काहीतरी मोजले आणि म्हणाले, "तीस वर्षे? मग मद्रासच की तुमचे गाव." दादा हसले, पण पुढचे दहा किलोमीटर ते काही बोलले नाहीत.

दुपारी जिंजी. तीन डोंगर, राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रगिरी (याला चंद्रायणदुर्गही म्हणतात), आणि तिन्हींना जोडणारा तट. मोठमोठ्या गोल शिळा एकावर एक रचून ठेवल्यासारखे डोंगर. आपल्या सह्याद्रीतल्या किल्ल्यांसारखे इथे काहीच नाही, तरी आपल्याला हा किल्ला परका वाटत नाही. शिवाजी महाराजांनी तो १६७७ च्या दक्षिण दिग्विजयात घेतला आणि मजबूत करवला. त्याचा उपयोग पुढे किती झाला पाहा. १६८९ च्या मार्चमध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली. त्याच वर्षी राजाराम महाराज वेषांतर करून पन्हाळ्याहून निघाले, केळदीच्या राणी चेन्नम्मांनी त्यांना आसरा दिला, आणि वर्षअखेरीस ते जिंजीला पोचले. पुढची सुमारे आठ वर्षे मराठी राज्याची राजधानी इथे होती, आपल्या चेन्नईपासून दीडशे किलोमीटरवर! १६९८ च्या सुरुवातीला झुल्फिकारखानाने किल्ला घेतला, तोवर महाराज निसटलेले होते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांत अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा हा जिंजी.

राजगिरीची चढण सायकल चालवून आलेल्या मांड्यांना चांगलीच जाणवते. वरच्या टोकाजवळ खडकात खोल भेग आहे, तिच्यावरच्या पुलावरून आत जायचे. वर पोचल्यावर आम्ही तिघे मराठी अर्थातच राजाराम महाराज, संताजी, धनाजी असे सुरू झालो. अण्णा ऐकत होते. मग त्यांनी सांगितले, की त्यांच्या लहानपणी जिंजी म्हणजे राजा देसिंग. औरंगजेबानंतरच्या काळातला हा तरुण बुंदेला किल्लेदार. अर्काटच्या नवाबाशी १७१४ साली मूठभर लोकांनिशी लढला आणि पडला. तमिळ लोकगाथांत त्याचे, त्याच्या घोड्याचे आणि महमतखान नावाच्या मित्राचे गाणे आहे. म्हणजे एकाच बुरुजावर आम्ही चौघे एक किल्ला पाहत होतो आणि अण्णा दुसरा. आणि त्यांचा राजाही तमिळ नव्हता, बुंदेलखंडी होता! तरी त्याची गाथा तमिळ लोकांनी आपली म्हणून सांभाळली.

मग अण्णांनी एक साधा प्रश्न विचारला, "आठ वर्षे तुमचे राजे इथे होते. जेवायला कुठून आणले?" खाली किल्ल्यात धान्याची मोठी कोठारे आहेत, ती आम्ही येताना पाहिली होती. पण कोठारात धान्य येते ते शेतातून. वेढा घालणाऱ्या मोगलांचीही उपासमार झाली, कारण संताजी-धनाजींनी त्यांची रसद तोडली. तंजावरच्या शहाजीराजांकडून राजाराम महाराजांना मदत येत राहिली. आम्ही वरून पाहिले तर क्षितिजापर्यंत भाताची शेते होती. आपण इतिहास वाचतो त्यात तलवारी पुष्कळ असतात, पण हे तांदूळ पिकवणारे लोक नसतात. सकाळी ज्यांनी आम्हांला पोंगल वाढला, त्यांच्याच पूर्वजांच्या भातावर दोन्ही सैन्ये जगली असणार.

तिसरा दिवस सगळ्यांत लांब, सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, जिंजी ते चिदंबरम. तो माट्टू पोंगल, म्हणजे इथला पोळाच म्हणा ना. शिंगे रंगवलेले, गळ्यात माळा घातलेले बैल. दादा शेतकऱ्याच्या घरातले. दिसेल त्या बैलापाशी थांबायचे, खिलारशी तुलना करायचे, मालकाला दात विचारायचे. तमिळ तोडकेमोडके, पण बैलाच्या विषयात कुठे अडत नव्हते. तीस वर्षांत भाजी, रिक्षा आणि दूधवाला सोडून तमिळमध्ये एवढे आपण बोललोच नव्हतो, असे ते नंतर म्हणाले.

पनरुट्टीला फणस आणि काजूच्या बागा लागल्या. या पनरुट्टीजवळच्या तिरुवाडीच्या परिसरात १६७७ साली महाराजांनी विजापूरच्या शेरखान लोदीचा पराभव केला. पुढे वडलूर. रामलिंग स्वामी, ज्यांना लोक वळ्ळलार म्हणतात, त्यांनी १८६७ मध्ये इथे धर्मशाळा सुरू केली. येईल त्याला जेवण, जात-धर्म विचारायचा नाही. तेव्हा पेटवलेली चूल आजतागायत विझू दिलेली नाही असे सांगतात. भर दुपारी, हॉटेले बंद, पोटात कावळे, आणि समोर भात-सांबाराची पंगत. दादांचा गुडघा त्या दिवशी सुजला होता. वाढणाऱ्या एका माणसाने न सांगता तेल आणून दिले. पंढरीच्या वाटेवर वारकऱ्याचे पाय चोळणारे लोक आपण पाहिले आहेत. भाषा वेगळी, हात तेच.

चौथ्या दिवशी कोळ्ळिडम ओलांडून कावेरीच्या खोऱ्यात आलो. मायिलाडुतुरैपासून कुंभकोणमपर्यंत रेल्वेची मेन लाइन कधी जवळ येते, कधी लांब जाते. व्यवसायाचा विषय म्हणून थोडे सांगतो. या भागातली पहिली गाडी नागपट्टणम ते तंजावर १८६१ साली धावली, ती ब्रॉडगेजवर. १८७५ मध्ये ती लाइन मीटरगेज केली. शंभराहून अधिक वर्षांनी ती पुन्हा ब्रॉडगेज केली. विळुप्पुरम-मायिलाडुतुरै पट्ट्याचे गेज रूपांतर तर २०१० मध्ये पुरे झाले. आम्ही रूळ तिसऱ्यांदा टाकले. शेजारचा शेतकरी कालव्यातून पाणी मात्र तसेच घेतो आहे.

कुंभकोणम म्हणजे सर टी. माधवराव यांचे गाव. १८२८ चा जन्म, तंजावरी मराठी घराणे. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे ते दिवाण झाले. म्हणजे तमिळ मुलखात वाढलेला मराठी माणूस होळकर आणि गायकवाडांचा कारभार सुधारायला उत्तरेकडे गेला. आपल्या पोरांना ही गोष्ट सांगितली पाहिजे.

पाचवा दिवस कावेरीच्या काठाकाठाने तिरुवैयारूपर्यंत. संबंध प्रवासातला सर्वांत सुंदर रस्ता हाच. डावीकडे उजवीकडे केळी, मधून लहान देवळे, घाटांवर धुणी. याच भागात कोळ्ळिडमच्या उत्तर काठावर तिरुमळपाडी आहे, जिथे जुलै १६७७ मध्ये शिवाजी महाराज आणि व्यंकोजीराजे हे भाऊ भेटले. वडिलांच्या दौलतीच्या वाटणीवर बोलणे फिसकटले आणि व्यंकोजी रातोरात नदी ओलांडून तंजावरला परतले. घराघरांत होते तेच. पण परतलेल्या व्यंकोजींच्या वंशाने तंजावरला १८५५ पर्यंत राज्य केले, हेही खरे.

दुपारी बृहदीश्वराच्या आवारात पोचलो. राजराज चोळाने १०१० च्या सुमारास पुरे केलेले हे देऊळ. त्याच्या प्राकाराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला आहे. ओळींमागून ओळी, आपली देवनागरी. त्याच सरफोजींनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवले, जिथे आज हजारो मराठी हस्तलिखिते आहेत. शहाजीराजांनी मराठी नाटके लिहिली, ती सांगलीला विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये नाटक केले त्याच्या शंभर-दीडशे वर्षे आधी. सांगलीच्या दादांनी हे मुकाट्याने ऐकून घेतले.

शिलालेख वाचताना आमचे मोठ्याने मराठी ऐकून एक वृद्ध गृहस्थ जवळ आले. धोतर, कपाळाला गंध. त्यांनी मराठीतच विचारले, कुठून आलात. मराठी जुन्या वळणाची, हेल तमिळ, मधूनच तमिळ शब्द. आम्हांला पहिली दोन वाक्ये कळायला वेळ लागला. घरात अजून मराठी बोलतात, लिहितात मात्र तमिळमध्ये, असे म्हणाले. नातवंडांना ऐकून कळते, बोलता येत नाही, हे सांगताना ते थोडे थांबले. मग दादांनी विचारले, "तुमचं मूळ गाव कुठलं?" त्या गृहस्थांना प्रश्नच कळला नाही असे वाटले. दादांनी पुन्हा विचारले, "म्हणजे महाराष्ट्रातलं?" ते म्हणाले, "आमचं गाव तंजावूर. आणखी कुठलं असणार?"

यात अभिमान वाटावा की वाईट वाटावे, यावर आमचा परतीच्या गाडीत वाद झाला. एक मित्र म्हणाला, बघा, मराठी हळूहळू संपते ती अशी. दुसरा म्हणाला, साडेतीनशे वर्षे टिकली हे काय कमी आहे? अण्णांचे म्हणणे असे पडले, की ते गृहस्थ इथले झाले म्हणूनच त्यांची मराठी इतकी वर्षे जगली. पाहुण्यासारखे राहिले असते तर केव्हाच निघून गेले असते, आणि भाषा त्यांच्याबरोबर. मला अण्णांचे पटले. पण नातवंडांबद्दल बोलताना ते गृहस्थ थांबले होते, तेही मी विसरू शकत नाही. दोन्ही गोष्टी आपल्या मंडळासमोर आहेत. आपली मुले घरी मराठी बोलावीत आणि आपण दारात तमिळ बोलावे, यांतले एक सोडून दुसरे करता येईल असे मला वाटत नाही.

ज्यांना जायचे असेल त्यांच्यासाठी थोडी व्यवहाराची माहिती. जानेवारीच योग्य, तेव्हा ईशान्य मोसमी पाऊस संपलेला असतो. पहाटे निघावे, अकरा ते तीन सावलीत बसावे. प्रत्येकी दोन ट्यूब, पंक्चरचे सामान, पाना आणि पंप जवळ हवाच, कारण सणाच्या दिवशी दुकान मिळत नाही. परतताना सायकली तंजावरला पार्सल ऑफिसात बुक केल्या आणि रात्रीच्या उळवन एक्स्प्रेसने आलो. उळवन म्हणजे शेतकरी. पाच दिवसांनंतर ते नाव पहिल्यांदा नीट वाचले.

शेवटी दोन विनंत्या. पुढच्या पोंगलला मुलांना घेऊन चेंगलपट्टू ते उत्तिरमेरूर एवढी तरी सायकल सहल मंडळाने काढावी. आणि रविवारच्या बालवर्गाला मराठीच्या तासाबरोबर मोठ्यांसाठी तमिळ अक्षरओळखीचा एक तास जोडावा. शिकवायला अण्णा तयार आहेत. पहिला विद्यार्थी नोंदवून झाला आहे. दादा मे महिन्यात निवृत्त झाले, दिवाळीनंतर सांगलीला जाणार आहेत, बेत बदललेला नाही. पण गेले तीन महिने ते रोज संध्याकाळी नातवाच्या पाटीवर तमिळ अक्षरे गिरवतात. "जायच्या आधी निदान बसवरची पाटी वाचता आली पाहिजे," म्हणतात. परवा त्यांनी ‘पेरंबूर’ वाचले.

 गणपती बाप्पा मोरया!